शंभर टक्के होऊनही ‘फेल’: मोठ्या व्हिडिओ फाइली एका स्टोरेजवरून दुसऱ्यावर का पोहोचत नाहीत

पहाटे पावणेतीनच्या सुमाराला फोन वाजला की काय झालंय ते विचारायची गरज उरली नव्हती. रात्रपाळीचा मुलगा एवढंच म्हणायचा, “दादा, परत तेच. शंभर टक्के झालं आणि फेल आलं. आता पुन्हा शून्यापासून सुरू झालंय.”

अंधेरीतल्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओचं स्टोरेज आणि नेटवर्क मी बघतो. आमच्या एडिटच्या नॅसवर (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारं स्टोरेज) तयार झालेले मालिकांचे भाग रात्री १०० एमबीपीएसच्या लीज लाइनवरून (भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन) वाहिनीच्या स्टोरेजवर जातात, तेही एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने. रोजचा बावीस मिनिटांचा भाग कधीच अडला नाही. अडायचे ते महाएपिसोड आणि सिनेमांचे मास्टर, म्हणजे अंतिम मूळ प्रती. तीन आठवडे हे चाललं. आमचं ट्रान्सफर सॉफ्टवेअर फेल झालेली फाइल आपणहून तीनदा पुन्हा पाठवतं. त्यामुळे एकच मोठी फाइल रात्रभर लाइन अडवून बसायची आणि तिच्यामागे रांगेत असलेला, संध्याकाळी दाखवायचा भागही सकाळपर्यंत जागचा हलायचा नाही. एक एडिटर रात्री एकला एक्सपोर्ट लावून घरी गेला होता, त्याला सकाळी आठला उठवून “तुझी फाइल खराब आहे, परत काढ” असं सांगितलं गेलं. फाइल खराब नव्हती. त्याची झोप आणि आमचे दोन तास, दोन्ही फुकट गेले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वही काढा

अशा वेळी सगळे जण पहिल्यांदा केबल बदलतात, मग स्विच रीस्टार्ट करतात. मीही पूर्वी तेच करायचो. आता आधी चार गोष्टी लिहून काढतो: फाइलचा आकार, सुरू झाल्याची वेळ, तुटल्याची वेळ आणि तुटली तेव्हा पलीकडे किती बाइट पोहोचले होते. पाच-सहा नोंदी झाल्या की बिघाड आपलं गाव सांगतो. दर वेळी ठरावीक बाइटवर तुटत असेल तर कारण डिस्कमध्ये किंवा फाइल सिस्टिममध्ये असतं. ठरावीक वेळ उलटल्यावर तुटत असेल तर कुणीतरी घड्याळ लावून बसलेलं असतं. घड्याळात ठरावीक वाजले की तुटत असेल तर त्या वेळी चालणारं दुसरं काम शोधायचं. एखादीच फाइल कितीही वेळा पाठवली तरी जात नसेल तर तिचं नाव बघायचं. आणि कधी इथे, कधी तिथे असं तुटत असेल तरच केबलला हात लावायचा.

माझ्या नोंदी अशा होत्या. ९ जीबीची फाइल: साडेतेरा मिनिटं, पोहोचली. ३८ जीबी: साडेछप्पन मिनिटं, पोहोचली. ५२ जीबी: फेल. ६२ जीबी: रात्री १ वाजून १० मिनिटांनी सुरू, २ वाजून ४२ मिनिटांनी शंभर टक्के, त्यानंतर काही मिनिटं नुसती शांतता, मग फेल.

१०० एमबीपीएस म्हणजे कागदावर सेकंदाला साडेबारा एमबी. प्रत्यक्षात आम्हाला सव्वाअकराच्या आसपास मिळतात, म्हणजे तासाला साधारण ४० जीबी. आता वरचे आकडे पुन्हा वाचा. ३८ जाते, ५२ जात नाही. मी तीन आठवडे आकाराची मर्यादा शोधत होतो. मर्यादा एका तासाची होती.

आधी बाद केलेल्या गोष्टी

तासाचं कोडं सुटण्याआधी बाकीच्या शक्यता तपासून झाल्या होत्या. तुमच्याकडे त्यातलीच एखादी असू शकते, म्हणून थोडक्यात सांगतो.

बरोबर ४ जीबीला अडत असेल तर पलीकडची डिस्क फॅट३२ आहे. त्यात एका फाइलचा कमाल आकार ४ जीबीला एक बाइट कमी. छोट्या मीडिया प्लेअरला किंवा नॅसच्या मागे लावलेल्या यूएसबी डिस्कवर हे अजूनही भेटतं. एक्सफॅट करा, विषय संपला.

लॉगिन होतं, फोल्डर उघडतं, चार केबीची टेक्स्ट फाइल जाते, पण व्हिडिओ शून्यावरच गोठतो, असं असेल तर जम्बो फ्रेमचा, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या डेटा-पाकिटांचा, घोटाळा समजा. दोन्ही नॅसवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० आणि मधल्या एखाद्या स्विचवर १५००. छोटी पाकिटं निघून जातात, मोठी गुपचूप टाकली जातात. तपासणी सोपी आहे: तुकडे करायचे नाहीत अशी अट घालून ८९७२ बाइटचं पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते बघणारं चाचणीचं पाकीट, पाठवा. त्यात आयपीच्या वेष्टनाचे २० आणि आयसीएमपीच्या वेष्टनाचे ८ बाइट मिळवले की ९००० होतात. १४७२ चं पिंग जात असेल आणि ८९७२ चं जात नसेल तर वाटेतलं प्रत्येक उपकरण बघा, पॅच पॅनेलच्या मागे कुणी तात्पुरता म्हणून लावलेला आठ पोर्टचा छोटा स्विचसुद्धा.

१० गिगाबिटच्या कॉपर लाइनवर कधीही, कुठेही तुटत असेल तर स्विचच्या पोर्टवरचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पाकिटांचा, आकडा वाढतोय का ते पाहा. कॅट६ची केबल १० गिगाबिटला फार तर ५५ मीटरपर्यंत धरते, शंभर मीटरला कॅट६ए लागते. एडिट रूमपासून सर्व्हर रूमपर्यंत छतातून वळसे घालत गेलेली केबल नकाशावरच्या अंतरापेक्षा बरीच लांब असते, हे मोजल्याशिवाय पटत नाही.

आणखी एक प्रकार याहून फसवा, कारण त्यात ‘फेल’ येतच नाही. ट्रान्सफर यशस्वी म्हणून हिरवी खूण येते आणि पलीकडे फाइल उघडत नाही. एडिटरचा एक्सपोर्ट चालू असतानाच सॉफ्टवेअरने वॉच फोल्डरमधून (ते ज्यावर सतत लक्ष ठेवतं तो फोल्डर) ती अर्धीमुर्धी फाइल उचललेली असते. क्विकटाइमच्या फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची बहुतेक वेळा एक्सपोर्टच्या शेवटी लिहिली जाते. ती नसेल तर आधीचे सगळे जीबी निरुपयोगी. यावर आम्ही नियम केलाय: एक्सपोर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये काढायचा आणि पूर्ण झाल्यावरच वॉच फोल्डरमध्ये ‘मूव्ह’ करायचा. फोल्डर एकाच व्हॉल्यूमवर (डिस्कच्या एकाच विभागावर) असतील तर मूव्ह म्हणजे फक्त नाव बदलणं, ते क्षणात होतं आणि अर्धवट असं काही राहतच नाही. दोन व्हॉल्यूमवर असतील तर मात्र मूव्ह म्हणजे कॉपीच, आणि अडचण जिथल्या तिथे.

तासाचं गुपित

एफटीपी फार जुना आहे. आजही पाळला जातो तो त्याचा आराखडा १९८५ सालचा. तो दोन वेगळ्या जोडण्या करतो. एक पोर्ट २१ वर, बोलण्यापुरती: मी अमुक, माझा पासवर्ड अमुक, ही फाइल घे. दुसरी प्रत्यक्ष माल वाहण्यासाठी. भिवंडीच्या गोदामातून टेम्पो निघतो आणि मालाबद्दलचं बोलणं फोनवर होतं, तसंच. टेम्पो रस्त्यात असेपर्यंत फोनवर कुणी काही बोलत नाही, पण लाइन मात्र चालू असते. माल उतरला की पलीकडचा माणूस त्याच लाइनवर सांगतो, “मिळाला.” एफटीपीत या ‘मिळाला’चा नंबर २२६ आहे.

आता मध्ये फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, आला. फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो आणि बराच वेळ शांत असलेली जोडणी मेली असं समजून नोंद पुसतो. अनेक फायरवॉलमध्ये ही मुदत मुळात एक तास, म्हणजे ३६०० सेकंद असते. मालाची जोडणी जोरात चालू आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याच्या वहीत ती वेगळी नोंद आहे. तो बोलण्याची जोडणी पुसतो आणि दोन्हीकडच्या कुणालाही कळवत नाही. फाइल शेवटच्या बाइटपर्यंत पोहोचते. पलीकडचा सर्व्हर २२६ पाठवतो, फायरवॉल म्हणतो अशी कुठली जोडणी माझ्याकडे नाही, आणि ते पाकीट टाकून देतो. सर्व्हर पुन्हा पाठवतो, पुन्हा टाकलं जातं. आमचं सॉफ्टवेअर वाट बघून शेवटी फेल जाहीर करतं, पलीकडे नीट पोहोचलेली फाइल पुसतं आणि शून्यापासून सुरू होतं. पुन्हा तासाच्या वर वेळ लागणारच, म्हणजे पुन्हा फेल ठरलेलं.

लिनक्समध्ये शांत जोडणी जिवंत ठेवण्यासाठी कीपअलाइव्हची सोय आहे. पण पहिली हाक मारण्याआधी ते मुळात ७२०० सेकंद थांबतं. फायरवॉल तासाने लाइन कापतो आणि कीपअलाइव्ह दोन तासांनी विचारतं, आहात का. हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा मला सगळं उलगडलं.

खात्री कशी करायची

सगळ्यात सोपी खूण पलीकडच्या स्टोरेजवर मिळते, पण ती पुसली जाण्याआधी बघावी लागते. सॉफ्टवेअरचा आपणहून पुन्हा पाठवण्याचा पर्याय बंद करा, फेल झाल्यावर फाइल पुसण्याचाही बंद करा, आणि फाइल फेल होऊ द्या. मग पलीकडच्या माणसाला फोन करून बाइटमधला नेमका आकार विचारा. आमच्याकडचा आणि त्यांच्याकडचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत एकच निघाला. चेकसमही (फाइलमधल्या बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला. म्हणजे तीन आठवडे आम्ही जी फाइल गेली नाही म्हणत होतो, ती दर रात्री पोहोचत होती आणि आम्हीच ती पुसत होतो.

शक्य असेल तर त्यासोबत फक्त पोर्ट २१ ची पाकिटं वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पाकिटं टिपणारं सॉफ्टवेअर) पकडून ठेवा. सुरुवातीची दोन-तीन वाक्यं दिसतील आणि नंतर दीड तास काहीच नाही. मग पकड आमच्या बाजूला असेल तर काहीच येणार नाही, त्यांच्या बाजूला असेल तर तेच २२६ पुन्हा पुन्हा जाताना दिसेल. दोन्हीकडच्या पकडी शेजारी ठेवल्या की पाकीट मध्येच नाहीसं होतंय यावर वाद उरत नाही.

“आधी तर चालत होतं” हे वाक्यही खूण म्हणून धरा. आम्ही ते तीन आठवडे तक्रार म्हणून म्हणत राहिलो. चौकशी केली तेव्हा कळलं की पलीकडे त्याच सुमारास फायरवॉल बदलला होता. कुणी लपवलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं.

उपाय

पहिला उपाय आपल्या हातातला. पाठवणाऱ्या मशिनवर कीपअलाइव्हची वेळ ७२०० वरून ६०० सेकंदांवर आणली, म्हणजे शांत जोडणीवर दर दहा मिनिटांनी एक रिकामी हाक जाईल. पहिल्या रात्री काहीच फरक पडला नाही. कारण असं की सिस्टिममधला आकडा ज्या जोडण्यांवर कीपअलाइव्ह चालू आहे त्यांनाच लागू होतो आणि ते चालू करायचं काम त्या त्या सॉफ्टवेअरचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय सेटिंगच्या तिसऱ्या पानावर बंद पडलेला होता. तो चालू केल्यावर दुसऱ्या रात्री ६२ जीबीची फाइल पहिल्याच फेरीत गेली. काही सॉफ्टवेअर याऐवजी पोर्ट २१ वर एफटीपीचीच ‘नूप’ ही रिकामी आज्ञा अधूनमधून पाठवतात. तीही चालते, पण माल चालू असताना आलेली आज्ञा काही सर्व्हरना रुचत नाही, म्हणून ती आधी चाचणीच्या फाइलवर वापरून बघा.

दुसरा उपाय पलीकडच्या नेटवर्कवाल्यांच्या हातात. त्यांना “तुमचा फायरवॉल अडवतोय” असं कळवलंत तर “आमच्याकडे काही ब्लॉक नाही” हे उत्तर येणार, आणि ते खरंही असतं. नेमकं काय हवं ते मागा. मी लिहिलेला मेल असा होता:

“नमस्कार. आमच्या ट्रान्सफर मशिनवरून आपल्या इन्जेस्ट सर्व्हरकडे येणाऱ्या पोर्ट २१ च्या जोडणीची आयडल मुदत सध्या ३६०० सेकंद दिसते. मोठ्या फाइलना याहून जास्त वेळ लागतो. फक्त या दोन आयपींच्या नियमापुरती ही मुदत २८८०० सेकंद करून मिळावी. बाकी कशातही बदल नको आहे. काल रात्रीच्या तुटलेल्या जोडणीची वेळ, दोन्हीकडचे बाइट आणि पाकिटांची पकड सोबत जोडली आहे.”

दोन दिवसांत बदल झाला. तिकडच्या ताईंनी फोन करून स्वतःहून सांगितलं की त्यांच्या लॉगमध्येही ती जोडणी ‘मुदत संपली’ अशीच पडलेली दिसली.

तिसरा उपाय मला सगळ्यात पटतो: एफटीपी सोडून एसएफटीपी घ्या. त्यात बोलणं आणि माल एकाच जोडणीतून, पोर्ट २२ वरून जातात. माल चालू असेपर्यंत जोडणी शांत होतच नाही, त्यामुळे हा बिघाड जन्मालाच येत नाही. शिवाय एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. नावं सारखी वाटतात म्हणून एफटीपीएसला एसएफटीपी समजू नका, एफटीपीएसमध्ये दोन जोडण्या तशाच राहतात.

मोठ्या फाइलचे तुकडे करून पाठवा असं सांगणारेही भेटतील. वेळ निभावते, पण पलीकडे पहाटे कुणीतरी ते तुकडे जोडत बसतं आणि एक तुकडा राहिला तर शोधायला तोच सापडतो. मी ते करत नाही.

एक फाइल तरीही अडली

हे सगळं झाल्यावर एक छोटा प्रोमो हटून बसला. जेमतेम एक जीबीचा, म्हणजे तासाचा प्रश्नच नाही. फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसतोय आणि सॉफ्टवेअर म्हणतंय, फाइल सापडत नाही. नाव होतं ‘दुसऱ्या_भागाचा_प्रोमो’.

मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा बघावं. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) एक स्वतंत्र अक्षर आहे, यूटीएफ-८ मध्ये (ते क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याची रीत) तीन बाइटचं. पण तोच ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) अशा दोन खुणांनीही लिहिता येतो, मग सहा बाइट होतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क फाइलच्या नावातला ‘ऱ’ फोडून दुसऱ्या पद्धतीनेच साठवते. तिसरी पद्धत म्हणजे साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक. स्क्रीनवर तिन्ही ‘दुसऱ्या’ हुबेहूब सारखे. लिनक्सच्या नॅसला मात्र ती तीन वेगळी नावं: २१ बाइटचं एक, २४ बाइटची दोन, आणि ती दोनही एकमेकांशी न जुळणारी. एडिटरच्या जुन्या एचएफएस प्लस ड्राइव्हवरून आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने आलेल्या फाइलचं नाव फोडलेलं होतं आणि पाठवायची यादी विंडोजवर अखंड ‘ऱ’ वापरून टाइप केलेली. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या नियमानुसार एकच मानल्या जातात, त्यामुळे आरसिंकला दोन्हीकडची अक्षरपद्धत सांगितली तर तो त्या जुळवून घेतो. जोडकवाली तिसरी कुठल्याच रूपांतराने जुळत नाही, ती हातानेच बदलावी लागते.

लांबीचंही तसंच. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन, म्हणजे ८५ खुणा, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं स्वतंत्र मोजलं जातं. विंडोजवर २५५ खुणा चालतात, म्हणून तिथे सुखाने ठेवलेलं लांब नाव नॅसवर आपटतं. नॅसवरचं फोल्डर ईक्रिप्टएफएसने कुलूपबंद केलेलं असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे देवनागरीच्या ४७ खुणा.

मराठी नाव मराठीत दिसावं असं मला मनापासून वाटतं. पण डिलिव्हरीच्या फाइलचं नाव आम्ही आता रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढ्यातच ठेवतो, आणि भागाचं खरं मराठी शीर्षक फाइलसोबतच्या माहितीपत्रकात लिहितो. तिथे कितीही ‘ऱ’ आले तरी काही अडत नाही.

त्या आठवड्यातच एका सिनेमाचा मास्टर पाठवायचा होता. दोन तास वीस मिनिटं, प्रोरेस ४२२ एचक्यू (व्हिडिओ साठवण्याचा एक प्रकार), सेकंदाला २५ फ्रेम, तासाला साधारण ८३ जीबी, एकूण १९३ जीबी. रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी लावला. मी जागाच होतो. पहाटे चार वाजून बावीस मिनिटांनी लॉगमध्ये २२६ ची ओळ आली. दोन्हीकडचा चेकसम काढून होईपर्यंत उजाडलं. तो जुळल्यावरच आमच्याकडची प्रत जपून ठेवायला एलटीओ टेपवर पाठवली, आणि रात्रपाळीच्या मुलाला म्हटलं, जा आता घरी.